आमच्या दारापुढची धार

२८ नोव्हेंबर
बर्फ कधीही येईल, आणि ह्यांचा स्क्रू ड्रायव्हर खुंटीवरच. तीस वर्षं गल्लीच्या रस्त्यात पुरलेला लांब नळ ह्यांनीच सांभाळला. हिवाळाभर नळाच्या भोकांतून विहिरीचं कोमट पाणी उडत राहतं, त्यामुळे रस्त्यावर बर्फ साचत नाही. दर भोकाचा स्क्रू पिळून धार घोट्याएवढी ठेवायची, एवढंच काम. पण अर्धांगाच्या झटक्याने ह्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, "बोलतील, किंवा नाहीही." मला तो आवाज हवाय. भांडायला तरी.

३ डिसेंबर
गल्लीच्या बैठकीत ह्यांचं काम शेजारच्या कुवाबारांच्या सुनेला, मिचियोला दिलं. मी आधीच सांगून टाकलं — आमच्या दारापुढचा स्क्रू बघ बाई, धार गुडघ्यापर्यंत उडते, तीस हिवाळे माझे मोजे ओले. ह्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं — "झिजलाय. इलाज नाही."

५ डिसेंबर
मिचियो हसत आली. "काकू, कुठे झिजलाय? अलगद फिरला की!" धार घोट्यावर. मोजे कोरडे. म्हणजे तीस वर्षं थापा!

१९ डिसेंबर
रात्रभर बर्फ पडला. गल्ली मोकळी, नेहमीसारखी विहिरीच्या पाण्यातल्या लोहाने तांबडी. फक्त आमच्या पायरीशी गुळगुळीत बर्फ. तिथे ऊन नाही, आणि आता कमी केलेली धार तिथवर पोचत नाही. पाय सटकला. चौकट धरली म्हणून वाचले.

तिथेच बसून राहिले. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ह्याच पायरीवर पडले होते, मनगट मोडलं होतं. पुढच्या वर्षी नळ आला आणि ह्यांनी ते काम मागून घेतलं. मला वाटायचं, मिरवायची हौस. मेला लबाड माणूस.

२० डिसेंबर
दवाखान्यात सफरचंद किसून भरवलं. विचारलं, "अहो, स्क्रू झिजला नव्हता ना?" खिडकीकडे बघत बसले. कान लाल.

९ जानेवारी
उद्या ह्यांना घरी आणायचं. स्क्रू ड्रायव्हर मागून आणला. मिचियो म्हणाली, "काकू, मोजे भिजतील." म्हटलं, भिजू देत. स्क्रू दीड फेरा सैल केला. संध्याकाळपर्यंत पायरी स्वच्छ.

१० जानेवारी
काठी टेकत टॅक्सीतून उतरले. विजार गुडघ्यापर्यंत चिंब. धारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले.
"झि... झिजलाय."
मी म्हटलं, "इलाज नाही."