पांढऱ्या जीपचा दुसरा शेवट

मांजरसुंबा,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय राजनंदिनी,

'नंदे' असं लिहिणार होते. बीडच्या हॉस्टेलात एका खोलीत राहिलो तेव्हापासून तशीच हाक मारत आले. आज हात वळला नाही. फोन करायचा तर तू फोनवर फार गोड बोलतेस. मी भांडायला म्हणून फोन लावते आणि शेवटी 'जेवलीस का' विचारून ठेवून देते. दिवाळीपासून असं चार वेळा झालं. म्हणून आज कागद घेतला. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही.

आधी अभिनंदन. तुझी 'पांढरी जीप' फिल्म तीन आठवडे त्या मोबाईलच्या ॲपवर पहिल्या नंबरला आहे, हिंदीत आणि तेलुगूतही गेली, असं परवा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना माहीत होतं की त्यातला करीम मिस्तरी म्हणजे माझे अब्बा. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी यायची भीतीच वाटते हो आता." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग आठवीच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर उदाहरण मांडताना तीनदा चुकले. गणितात मी चुकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुला आठवतं का, करीम मिस्तरीच्या भूमिकेसाठी तू पुण्याहून एक नट आणला होतास. त्याला पाना धरता येत नव्हता. त्याला शिकवायला म्हणून तू अब्बांच्या गॅरेजात आलीस. अब्बांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून सांगितलं की तिसऱ्या सिलिंडरमध्ये खोट आहे. तू त्या नटाला दुसऱ्या दिवशी परत पाठवलंस. अब्बा मात्र तयार नव्हते. "आपल्याला गाडीचं कळतं, पिक्चरचं न्हाई," एवढंच म्हणत राहिले. बासष्ट वर्षांच्या माणसाला दोन रात्री समजावून मीच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी म्हणाले होते, नंदीचं काम आहे, परक्याचं नाही.

आणि त्यांनी काय काम केलं! धारूरच्या घाटात एक मास्तरीण बेपत्ता होते. तिला शोधायला सगळ्यात पुढे असतो तो गावचा मोठा बागायतदार, आणि खुनीही तोच. हे सिद्ध होतं एका म्हाताऱ्या मिस्तरीमुळे. तो कोर्टात उभा राहून बागायतदाराच्या पांढऱ्या जीपबद्दल सांगतो, "साहेब, ही जीप माझ्या हातची हाय. त्या दिवशी घाटातून कोनती गाडी गेली ते म्या डोळ्यानं पाह्यलं न्हाई, पर कानानं वळखलं." बीडच्या थिएटरात पहिल्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला जेमतेम चाळीस माणसं होतो. त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. आपल्या स्टँडवर अब्बांच्या गॅरेजाबाहेर पेरू विकणारी रतनबाई पाटी झाकून आली होती. ती अंधारात उभी राहिली आणि ओरडली, "आमचा मिस्तरी हाय त्यो!" रविवारी टेम्पोवाला धुळाजी तुझ्या चकलांब्यातनं टेम्पो भरून माणसं घेऊन आला. अब्बांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलंच नाही. सगळा वेळ ते गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत बसले होते.

पाच दिवस. सहाव्या दिवशी मोठा हिंदी सिनेमा लागला आणि आपलं पोस्टर उतरलं. पुण्या-मुंबईत तर तुला सकाळी साडेनऊचे खेळ दिले होते. सकाळी साडेनऊला खुनाची गोष्ट बघायला कोण जाणार? तेव्हाही मी अशीच चिडले होते, आठवतं? थिएटरवाल्यांना, वितरकाला, सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. तू पायरीवर बसून रडत होतीस. अब्बांनी तुला चहा आणून दिला आणि म्हणाले, "पिक्चर पडलं म्हंजी काय गं? गाडी बंद पडल्यावानीच की. खोलू, बघू, परत लावू." तू खरंच खोललंस, राजनंदिनी. पण परत लावताना काय केलंस?

ऑक्टोबरात ॲपवर येणार म्हणून आम्ही भाच्याचा मोठा टीव्ही उचलून आणला. शेजारपाजारची वीसेक माणसं बसली. अम्मीनं भजी तळली. रतनबाईला पुन्हा पुढची जागा. सगळं तसंच चाललं होतं, शेवटची दहा मिनिटं येईपर्यंत. कोर्ट आलंच नाही. अब्बांची साक्ष नाही, ते वाक्य नाही. बागायतदार मास्तरणीच्या चितेपाशी ढसढसा रडला. आणि मग करीम मिस्तरी गॅरेजमागच्या नळावर हात धूत होता. हातावरून लाल पाणी वाहत होतं. त्यानं भिंतीवरच्या आरशात पाहिलं आणि तो हसला. वरून कुणा दुसऱ्याच माणसाचा खर्जातला आवाज आला, "जीप पांढरी होती. म्हणून तर डाग उठून दिसले." संपला सिनेमा.

तो हात धुण्याचा प्रसंग कधीचा आहे ते मला माहीत आहे. शूटिंगचा नववा दिवस होता. दुपारच्या जेवणाआधी अब्बा खरंच हात धूत होते. पाणी काळं होतं, ऑइलचं. तू पाठीमागून हाक मारलीस, "काका, सकाळचा सीन एका झटक्यात ओके!" आणि ते आरशात बघून हसले. शाळेतल्या पोराला शाबासकी मिळाल्यावर ते हसतं तसं. मी टॉवेल घेऊन तीन पावलांवर उभी होते. कॅमेरा चालू होता हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या हसण्याला तू खुन्याचं हसू केलंस. काळं पाणी लाल केलंस. माणसाचं आयुष्यभराच्या कष्टाचं पाणी होतं ते.

सगळे अब्बांकडे बघायला लागले. शेवटी अब्बाच म्हणाले, "नंदीनं लई हुशारीनं केलंय. मला सुदिक कळलं न्हाई म्याच मारलं म्हणून." मग लोक हसले आणि मोकळे होऊन घरी गेले. अम्मी भज्यांचं ताट उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तुला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "मुन्नी, ॲपच्या कंपनीला शेवटी धक्का हवा होता. बागायतदार खुनी आहे हे सगळ्यांना आधीच कळतं." बरं. धक्का हवा होता. तुझ्या सिनेमात फौजदार होता, मास्तरणीचा नवरा होता, देवळात बसणारा तो गोड बोलणारा सरपंच होता, डॉक्टर होता. त्यातला एकही तुला सापडला नाही? धक्का म्हणजे ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही तो. आणि तू निवडलास तो माणूस, ज्याचं नाव ऐकल्याबरोबर अर्ध्या लोकांनी मान डोलावली असेल. ह्यात धक्का कुठे होता, सांग ना. तुला ते सुचायला किती वेळ लागला? एक दुपार? का तेवढाही नाही? तू चकलांब्याच्या बागायतदाराची मुलगी. खऱ्या शेवटामुळे तुझ्या घरी कोण कोण रुसलं होतं तेही मला माहीत आहे. त्यावर मी लिहिणार नाही, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

अब्बांनी सही केलेला कागद तुझ्याकडे आहे. तुला कायद्यानं सगळं करता येतं. तो कागद त्यांनी वाचला नव्हता. तुझा होता म्हणून वाचला नव्हता.

आता इथलं सांगते, कारण ते तुला त्या ॲपवाल्यांच्या आकड्यांत दिसणार नाही. आपल्या आसपासच्या गावांतल्या नोकरीवाल्या बायका, नर्स, मास्तरणी, बँकेतल्या दोघी, रोज सकाळी स्कूटी अब्बांच्या गॅरेजात लावून एसटीनं बीडला जातात, हे तुला माहीत आहे. तूच तुझ्या सिनेमात ते दाखवलंस. बारा वर्षं चाललं हे. कधी कुलूप लागलं नाही, कधी चावी हरवली नाही. पावसात कुणाला उशीर झाला तर अब्बा स्कूटीवर ताडपत्री टाकून बसून राहायचे. सिनेमा आला तेव्हा चौदा स्कूट्या होत्या. दिवाळीनंतर नऊ झाल्या. आता तीन आहेत. बाकीच्या समोरच्या ढाब्यावर लागतात. कुणी काही बोललं नाही, कुणी भांडलं नाही. सगळ्या अजून 'मामू, कसे आहात' म्हणतात. त्यांना खरंच वाटत नाही की माझे अब्बा, मैनुद्दीन मिस्तरी, खुनी आहेत. घरच्यांनी म्हटलं असेल, कशाला उगाच. त्या 'कशाला उगाच'ला उत्तर काय द्यायचं, तू शिकलेली आहेस, मला लिहून कळव.

पोरं येतात मोटारसायकलवरून, पार अहिल्यानगरहून. अब्बांना नळाशी उभं करतात, हात धुवायला लावतात, हसायला लावतात आणि रील काढतात. ते करतात. म्हणतात, "हौसेनं येत्यात बिचारी." मागच्या आठवड्यात एकानं लाल रंगाची बाटलीच आणली होती. धुळाजी टेम्पो घेऊन आला होता, त्यानं ती बाटली हिसकून नालीत ओतली आणि त्या पोराला म्हणाला, "कावून छळतो बे म्हाताऱ्याला? थेटरात पाह्यलं असतंस तर कळलं असतं, खून कुनी केला त्ये!" पण थिएटरात कुणी पाहिलं, राजनंदिनी? बीडात पाच दिवसांत मिळून सहा-सातशे माणसं असतील. खरा शेवट माहीत असलेली माणसं आपल्या एसटी स्टँडवर मावतील. दुसरा शेवट लाखोंनी पाहिला आणि रोज पाहतायत. पडलेल्या सिनेमात माझा बाप खरं बोलला होता. चाललेल्या सिनेमात तो खुनी आहे.

अब्बा तक्रार करत नाहीत. पण आता कुणी बाई पंक्चर काढायला आली की ते म्हणतात, "बाई, तुमी बाहेरच थांबा, रतनबाईपाशी, सावलीला." पूर्वी खुर्ची पुढे करायचे. हे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, आत ऑइल सांडलेलं असतं, साड्या खराब होतात. मी जाऊन बघितलं. फरशी लख्ख पुसलेली होती.

मी तुझ्यावर चिडले आहे तितकीच स्वतःवरही. त्या दोन रात्री मी गप्प बसले असते तर? ते 'न्हाई' म्हणत होते, आणि मी तुझ्या नावाची शपथ घालून त्यांना राजी केलं. हे मी अम्मीजवळही बोललेले नाही.

तू म्हणशील, एवढे महिने गप्प होतीस, मग आजच कशाला? काल संध्याकाळी अब्बा आरशासमोर उभे राहून दाढी किती वाढली ते बघत होते. विचारलं तर आधी लाजले. मग म्हणाले की तू मला न कळवता त्यांना फोन केलास, मार्चमध्ये दुसरा भाग सुरू होतोय, त्यात करीम मिस्तरी पकडला जातो, जेलमधून सुटून येतो आणि आणखी दोन खून करतो. ते 'हो' म्हणालेत. मी ओरडले. तर म्हणाले, "पोरगी पयल्यांदा वर आलीय. आता म्या न्हाई म्हणलं तर तिचं काम आडंल. आन् लोकांचं काय, इसरतील." ते माझं ऐकणार नाहीत. तुला ते मुलगी मानतात, आणि मुलीला नाही म्हणायला त्यांना जमत नाही, हे आपल्या दोघींनाही पक्कं माहीत आहे. म्हणून लिहितेय. खरा शेवट पुन्हा लाव, असं मी मागत नाही. तू माफी माग, असंही म्हणत नाही, ती मागून घेण्यात अर्थ नसतो. एकच कर. नाही तू म्हण. त्यांना फोन कर आणि सांग, काका, भूमिका बदलली, तरुण माणूस हवाय, काहीही सांग, खोटं सांग, ते तुला छान जमतं. त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस जेवण गोड लागणार नाही. ते मी बघेन. आणि ह्या पत्राबद्दल त्यांना कधीही कळू देऊ नकोस. त्यांच्या मनात तू अजून चांगली आहेस, आणि ते मला मोडायचं नाही.

रागातसुद्धा तुझीच,
मुनिरा