जपानी गाडीची डावी बाजू

ओश, १४ ऑक्टोबर

प्रिय तालाय,

सलाम. घरी सगळे बरे आहेत, तूही असशील.

बिश्केकला चौदा दिवस सलाईन लावून घेऊन आलो. औषध स्वस्त निघालं. खरा खर्च असा: पंधरा दिवस गॅरेज बंद, बायकोला ‘सुटे भाग आणायला चाललोय’ ही थाप, आणि थाप खरी दिसावी म्हणून घेतलेला एक गिअरबॉक्स. तो इथल्या कुठल्याच गाडीला बसत नाही. सायरा त्याच्यावर मिरच्या वाळत घालते.

बाकी धंदा जोरात. गाडी फाटकातून आत येते तोवर मी सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. गिऱ्हाईकं म्हणतात, ‘ओर्मोन, कानांचा विमा उतरव.’

तुझी मावशी बाजारात भेटली. ‘आमच्या तालायचं लग्न ठरलं हो, मार्चमध्ये, नवरोजनंतर. मेंढा तूच कापायचास, तुला थोरला भाऊ मानतो तो.’ मी हो म्हणालो.

अक्रोड उतरलेत. गोणीभर पाठवतो.

सलाईन कशाचं, हे आधीच लिहायचं होतं. अक्रोड मध्ये आले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात घाटातल्या तंबूत आपण दोघं कसे राहिलो, ते तुला आणि मलाच माहीत. त्यानंतर माझ्या अंगावर पुरळ आलं. इथल्या दवाखान्यात रांगेत बसलो. दार अर्धं उघडं. आत नर्स सांगत होती, ‘आत्ता गेला ना, तो तसलाच. कोणाबरोबर विचारलं तर रडायलाच लागला. नाव टिपून ठेवलंय.’

डॉक्टर म्हणाला, ‘आधी खुर्ची पूस, बाई. मग पुढचा बोलव.’

दोघं हसले. पुढचा मी होतो. नर्स सायराच्या मामेबहिणीची सून. मी उठलो.

शिपाई म्हणाला, ‘ओर्मोनदादा, निघालात कुठे? नंबर आला की!’

‘नंबर कसला? मी जनरेटर बघायला आलोय.’

मग बघावाच लागला. दुरुस्तही करून दिला. पुरळ आपोआप गेलं. वाटलं, सुटलो.

सिफिलिस होता. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी कोणाबरोबर ते विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘जो असेल त्याला कळवा. वेळेत आला तर सुयांनी बरा होतो. उशीर केला तर जे गेलं ते परत येत नाही. तुम्ही वर्ष का घालवलंत?’

म्हटलं, गॅरेजमध्ये गर्दी असते.

साखर बघायची असं सांगून सायराचं रक्त तपासून घेतलं. तिला काही नाही. तुझं राहिलंय. लग्नाआधी जा. तुमच्या काराकोलमध्ये नको, याच बाईंकडे. पत्ता मागच्या बाजूला आहे. अंगावर काही दिसत नाही म्हणून थांबू नकोस, मी तसाच थांबलो. निमित्त हवं ना? अक्रोडांबरोबर गिअरबॉक्सही पाठवतो. बिश्केकला परत करायला चाललोय म्हण.

मला कसं वाटतं ते विचारू नकोस. काही वाटत नाही. चहा पितो, झोपतो, उठतो.

तपासणीचा निकाल आला की स्वतः ये. पूर्वीसारखे घाटात जाऊ. मात्र गाडी तू चालव. जपानी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे. तू नेहमी माझ्या डावीकडे बसायचास. त्या कानानं मला आता काही ऐकू येत नाही.

तुझा,
ओर्मोन