आखूड झालेली कॉईल

प्रिय प्रेरणा,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. तुमच्याकडं फोन ओट्यावर ठेवून सगळं घर ऐकते. मी "कशी आहे?" विचारलं की तू "मस्त" म्हणते, अन् मागून अन्नपूर्णाबाई म्हणतात, "इहीणबाई, सून लय कामाची दिली हो!" झालं, संपलं बोलणं. म्हणून लिहायला बसली. चौथीपर्यंतची माझी शाळा, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. हसू नको. मोटर वाइंडिंगवाल्या कलीमची बायको मुबीना माहेरी जानेफळले, तुमच्या मेहकरजवळ, जाऊन राह्यली, तिच्या हाती हे देते. अन् तिच्याच हाती उत्तर पाठव.

आता टपरीवरची गोष्ट ऐक. गॅस संपला की मी करंटच्या शेगडीवर चहा करते, तुले मालूम आहे. तिची कॉईल तुटली. नवी आणायले कोण जाते? जळालेली टोकं कापली, दोन्हीले पीळ देला, लावली. पुन्हा तुटली, पुन्हा तसंच केलं. अन् नवल पाह्य, शेगडी पहिल्यापेक्षा जोरात पेटे. चहा पटकन उकळे. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणत, वंदनाबाई, तुमच्या हातात जादू आहे. मीही फुगली. आपण दुरुस्त केलेली वस्तू नवीपेक्षा बरी, असं सगळ्याईले सांगत फिरली. एक दिवस रबर जळाल्याचा वास आला. पाहते तर प्लग वितळून पिनले चिकटला, वायर नरम पडली. तुझे बाबा म्हणे, शेगडी फेकून दे. त्यांचं काय, ते मीठ कमी पडलं तरी भाजीसकट गंज फेकून द्या म्हणतील.

मी शेगडी उचलून कलीमच्या वाइंडिंगच्या दुकानात नेली. म्हटलं, सांग बा, चांगली कॉईल प्लग काऊन खाऊन राह्यली? तो हसला. म्हणे, ताई, तुमच्या पोरीचं मीटर घरी पडलं असेल, ते आणा. तुझं ते चिमट्यासारखं मीटर, कपाटात ओढणीत गुंडाळलेलं. आणलं. आपल्या मोताळ्यात व्होल्टेज पूर्ण कधी येते? दोनशेच दाखवलं. नवी कॉईल लावली तर करंट आठ अँपिअर. माझी जोडलेली लावली तर दहा.

मग मले एकदम तू दिसली. आयटीआयच्या परीक्षेआधी चुलीपाशी येरझारा घालत घोकायची, व्होल्टेजले करंटनं भागलं की रोध, व्होल्टेजले करंटनं गुणलं की पॉवर. मी ओरडायची, भागाकार पुरे, पोळ्या लाट. पण कानात राह्यलं होतं पाह्य. तिथंच पुठ्ठ्यावर मांडलं. दोनशे भागिले आठ, पंचवीस ओहम. दोनशे भागिले दहा, वीस ओहम. म्हणजे कापून कापून कॉईलचा पाचवा हिस्सा मीच खाल्ला होता. तार आखूड झाली, करंटले अडवणं कमी झालं, म्हणून करंट जास्त घुसला. गुणाकार केला तर नवीचे सोळाशे वॅट अन् जोडलेलीचे दोन हजार. मले वाटे अडवणारी वस्तू वाईट. पण अडवते म्हणून तर तार टिकते, बाई. जे लोक वाहवा करत होते, ते तिच्या जळण्याचीच वाहवा करून राह्यले होते. अन् कलीमनं दाखवलं, सगळ्यात लाल कुठं होते, तर जिथं पीळ देलेला आहे तिथं. पुढं तुटणारही तिथूनच.

हे पाहून मी घरी आली अन् जेवली नाही. तुझ्या नणंदेच्या लेकराचं बारसं डोळ्यापुढं आलं. स्वयंपाकघरातला लाइट उघडझाप करून राह्यला होता. नुसतं होल्डर सैल झालेलं, मलेही समजलं. तू त्याच्या खाली बादली घेऊन उभी. जावई म्हणाले, वायरमनले फोन लावतो. अन् तू म्हटलं, हाव, लावा. माझी पोरगी, जिनं आपल्या गल्लीतल्या अर्ध्या मोटरी बांधल्या, ती हाव म्हणून पाणी भरायले गेली.

तुमच्या घरचे वाईट नाहीत, हे मले मालूम आहे. कोणी हात लावत नाही, उपाशी ठेवत नाही. पण पहिले म्हणाले, काम नको, लोक काय म्हणतील. तू टोक कापलं अन् पीळ देला. मग म्हणाले, गाडी चालवू नको. पुन्हा कापलं. मग मोठ्यानं हसणं गेलं, दुपारचं पडणं गेलं. दर वेळेस तू आखूड झाली अन् दर वेळेस जास्त कामाची झाली. सून लय कामाची, हो ना. ते बोल आता मले त्या ड्रायव्हरांसारखे ऐकू येतात. मले रबराचा वास येऊन राह्यला, पोरी.

म्हणून एक गणित अर्धं सोडलं आहे. समज, अजून कापली. व्होल्टेज दोनशेच, करंट साडेबारा. रोध किती, पॉवर किती, ते काढ अन् मुबीनाजवळ दे. कलीमच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी तुझं टेबल अजून आहे, त्यावर तो दुसऱ्याले बसू देत नाही. उत्तर आलं की मी बुलढाण्याहून मेहकरची एसटी धरते अन् तुले घेऊन येते. अन्नपूर्णाबाईशी बोलायचं माझ्यावर सोड, भांडणार नाही, जमलं तर. अन् उत्तर नाही आलं तरी येते. वाट पाहणं मले कधी जमलं? उत्तर यासाठी पाहिजे, की ते तुझ्या हातचं असावं.

मीटर मी ओढणीतून काढून टपरीवर खिळ्याले टांगलं आहे.

तुझीच, भाजलेल्या बोटांची,
आई