ब्रिनवेल केबिनच्या सात नंबरच्या लिव्हरबद्दल

मी, क्लिफर्ड इडवाल प्रॉसर, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय पूर्वी सरकारी रेल्वेत पगारी सिग्नल-फिटर आणि गेली चौतीस वर्षे, हौशी मंडळींची संस्था चालवते त्या ब्रिनवेलच्या जुन्या रेल्वेवर बिनपगारी सिग्नल-फिटर, राहणार ४, स्टेशन टेरेस, ब्रिनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुफ्फुसे नाहीत, पण सही करायला ती लागत नाहीत.

वकिलीणबाईंनी छापून पाठवलेला मसुदा मी शेगडीत घातला. त्यात "माझे स्नेही आणि संस्थेचे अध्यक्ष श्री. रॉडरिक टेम्परली" असे शब्द होते. ते वाचून तळपायाची आग मस्तकात गेली आणि औषध घ्यायची वेळ टळली.

हे मृत्युपत्र घरदाराच्या वाटणीसाठी नाही. समोरच्या गल्लीत राहणाऱ्या बेरिल हॅव्हर्ड या बाईवर अकरा वर्षांपूर्वी आमच्या रेल्वेने जो ठपका ठेवला, तो खोटा आहे. तो पुसला जावा एवढ्यासाठी मी लिहितो आहे. बाकीची कलमे वकिलांच्या समाधानासाठी.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द. विशेषतः ज्यात मी सगळे काही संस्थेला देऊन टाकले होते ते. त्याबद्दल अध्यक्षांनी मला गाडीच्या जेवणाच्या डब्यात बसवून भाजलेले मटण खाऊ घातले होते. मटण वातड होते.

कलम २. राहते घर माझा पुतण्या डेलविन प्रॉसर याला. तो या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही राहील. डेलविन, तू मागच्या नाताळात माझ्या शेडमध्ये उभा राहून बायकोला म्हणालास, "हे सगळं भंगार काढलं की इथे छान व्यायामशाळा होईल." मी खिडकीखालीच होतो. घर तुझे, शेडमधल्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही.

कलम ३. शेडमधली सर्व हत्यारे, म्हणजे पाने, कानशी, तारा ताणायची कप्पी, दिव्यांच्या वाती कापायच्या कात्र्या आणि रॉकेलचे डबे, मंगळवारच्या टोळीला. दर मंगळवारी, हवा कशीही असो, हे सात-आठ लोक स्वतःच्या पेट्रोलने येतात, खांबांवर चढतात, तारांना वंगण घालतात आणि संध्याकाळी गुडघे धरून घरी जातात. त्यांना कोणी आभाराचा शब्द बोलत नाही. फवारा मारून वंगण घालणाऱ्याला माझी कानस देऊ नये. फवारा सायकलीच्या साखळीला मारतात.

आणि उत्सवाच्या दिवसांत सिग्नलच्या खांबाला फुलांच्या टोपल्या टांगणाऱ्या बाईंना टोळीने माझ्या वतीने शेवटचे सांगावे की तो सिग्नल आहे. मी सव्वीस वेळा सांगितले आहे.

कलम ४. स्टेशनाच्या दक्षिणेला उभा असलेला दोन हातांचा सिग्नल संस्थेचा आहे, माझा नाही, हे मला मान्य आहे. तरी नोंद असावी. त्याचा खांब एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या आढ्याला टेकू म्हणून उभा होता. आम्ही त्याला नवा टेकू बसवून दिला, खांब मोकळा केला आणि सहा वर्षे तो खरवडला. हात लाकडाचे, नवे कापले. डावा हात खाली पडला, म्हणजे जायची खूण मिळाली, की गाडी वळणाच्या रुळावर जाते, उजवा पडला की फलाटाच्या. आता समिती म्हणते, हात फायबरचे बसवू, दिसतात तसेच. दिसायचेच असेल तर तुमच्या पोरांना रंगवून उभे करा!

कलम ५. हे कलम मोठ्याने वाचायचे आहे, म्हणून सावकाश लिहितो.

सिग्नलच्या केबिनमध्ये एकवीस लिव्हर आहेत. जमिनीखालच्या खोलीत त्यांना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या आहेत आणि पट्ट्यांच्या खाचांत बसणारे तुकडे. पाच नंबरने सांधा, म्हणजे रूळ जिथे फुटतात तो जोड, वळवला नसेल तर सात नंबरचा, म्हणजे वळणाच्या रुळाचा सिग्नल पडत नाही. लिव्हर हलतच नाही. सिग्नलवाल्याची चूक झाली तरी लोखंड ऐकत नाही. त्यासाठीच ते तिथे आहे.

मार्च २०१२ मध्ये रेल्वेच्या कॅलेंडरसाठी फोटोवाले आले होते. टेम्परलीसाहेब खाली खोलीत आले, छत्री झटकली आणि म्हणाले, "क्लिफ, त्यांना दोन्ही हात एकदम पडलेले हवेत. फोटो झकास येईल."

"दोन्ही एकदम पडत नाहीत. पडले तर त्याला सिग्नल म्हणत नाहीत."

"अरे बाबा, गाडी कुठे येतेय? अर्ध्या तासाचं काम. तुझ्याएवढं ते लोखंड कोणाला कळतंय?"

या शेवटच्या वाक्यावर मी विरघळलो. मला फुगवायला एवढेच पुरते. पाच आणि सातला बांधणारा तुकडा मी काढला, फोटो झाले, तुकडा परत बसवला. नियम असा की तुकडा काढला तर वहीत लिहायचे, आणि बसवल्यावर एकेक लिव्हर दुसरीविरुद्ध ओढून बघायची. वरून "चहा झाला" अशी हाक आली. मी वहीत लिहिले नाही आणि ओढून बघितले नाही. तुकडा उलटा बसला होता. त्याची तिरपी बाजू चुकीच्या अंगाला होती, त्यामुळे तो खाचेत दिसायचा पण अडवायचा नाही. चाळीस वर्षे हे काम केलेल्या माणसाने तुकडा उलटा बसवला.

पाच आठवड्यांनी वसंतोत्सव. फलाटाच्या रुळावर जेवणाचे डबे उभे, आत माणसे सूप पीत बसलेली. केबिनमध्ये बेरिल. ती तिथे एकोणतीस वर्षे होती आणि तिच्या हातून कधी घंटेचा एक इशारासुद्धा चुकला नव्हता. त्या दिवशी सांधा वळवायचा राहिला आणि तिने सात ओढली. सात आली. सिग्नल पडला, ड्रायव्हर वळणाच्या रुळाच्या भरवशावर आला, पण सांधा फलाटाकडेच होता, आणि चालण्याच्या वेगाने तो जेवणाच्या डब्यांवर जाऊन आदळला. सूप सगळ्यांच्या मांडीवर गेले, एका गृहस्थाचे मनगट मोडले. नशीब म्हणून तेवढ्यावर भागले.

गर्दी डब्यांभोवती होती तेव्हा मी खाली गेलो. विजेरीच्या उजेडात तुकडा बघितला. तो मी काढला आणि सरळ बसवला.

दोन दिवसांनी चौकशी झाली. लिव्हर ओढून बघितल्या, सगळे चोख. बेरिल म्हणाली, "सांधा राहिला, ती माझी चूक. पण सात यायला नको होती. ती आली, माझ्या हातात आली. मी खोटं कशाला बोलू?"

टेम्परली माझ्याकडे वळले. "प्रॉसर, खालच्या लोखंडात दोष असू शकतो का?"

मी म्हणालो, "माझं लोखंड चुकत नाही."

बेरिल माझ्याकडे बघत राहिली. मी टोपीकडे बघितले. तिच्याकडून केबिनची किल्ली काढून घेतली, नाव पाटीवरून खोडले, आणि कोणीतरी चहाच्या खोलीत म्हणाले, "वय झालं की हात लटपटतात." तेव्हाही मी मूग गिळून बसलो. टेम्परली बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "झालं गेलं, आता उकरू नकोस." म्हणजे त्यांना कळले होते. त्यांच्यावर मला राग आहे आणि तो मी थडग्यात घेऊन जाईन. पण तुकडा त्यांनी बसवला नव्हता, आणि ते वाक्यही त्यांनी उच्चारले नव्हते. भेकड मी होतो. मॉरीन, माझी बायको, वारली तेव्हा बेरिल दारात केक ठेवून गेली. तो मी खाल्ला. लाज वाटायला हवी होती, ती आता वाटते.

कलम ६. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते सर्व बेरिल हॅव्हर्ड हिला. तिच्याकडे जाण्यास काही अडचण आली तर मंगळवारच्या टोळीला. माझ्या मृत्यूनंतर होणाऱ्या संस्थेच्या पहिल्या वार्षिक सभेत डेलविनने उभे राहून कलम ५ पूर्ण वाचावे. टेम्परली उठून जाऊ लागले तर आणखी मोठ्याने वाचावे.

कलम ७. आमच्याकडे सभासदाची राख इंजिनाच्या भट्टीत टाकायची पद्धत आहे. सगळे टोप्या काढतात आणि ड्रायव्हर शिट्टी देतो. माझी राख टाकू नये. तो मान मी गमावलेला आहे. मला मॉरीनच्या शेजारी पुरावे आणि भाषणे करू नयेत.

इथवर लिहून मी सही करणार होतो. पुढचे, सही करण्यापूर्वीच, त्याच टेबलावर लिहितो आहे.

साक्षीसाठी शेजारच्या ऑड्री पर्कस आणि पलीकडचे निवृत्त पोस्टमन असे दोघे ठरले होते. पोस्टमन सर्दीने आजारी पडले. ऑड्रीबाई म्हणाल्या, "थांबा, मी कोणालातरी घेऊन येते," आणि घेऊन आल्या बेरिलला. तिने कोट काढला नाही. टेबलावरचे कागद उचलले आणि वाचू लागली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी म्हणायचा प्रयत्न केला.

"गप्प बस, क्लिफ."

कलम ५ तिने दोनदा वाचले. ऑड्रीबाई किटली घेऊन उभ्याच राहिल्या. मग बेरिल म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच्या पुढच्या वर्षीचं कॅलेंडर. नोव्हेंबरचं पान. दोन्ही हात पडलेले, म्हणजे खालचा तुकडा कोणीतरी काढला होता. एवढे सिग्नलचे पंडित आहेत इथे, भिंतीवर वर्षभर टांगलं होतं, एकालाही दिसलं नाही. मला एका मिनिटात दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर म्हातारी कुढतेय म्हणाले असते. तू बोलायला हवं होतंस. अकरा वर्षं मी खिडकीतून बघतेय, हा माणूस आज बोलेल, उद्या बोलेल. आणि तू काय ठरवलंस? मेल्यावर! तेही पुतण्याच्या तोंडून! थू तुझ्या जिनगानीवर."

मी म्हणालो, "बेरिल, पैसे तरी घे."

"पैसे तुझे तुला लखलाभ. पेन दे इकडे."

ऑड्रीबाईंनी मध्येच सांगितले, "अगं, सही करू नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, कायदाच आहे तसा. तुझं सगळं जाईल."

"ठाऊक आहे," बेरिल म्हणाली, "म्हणूनच करतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शनिवारी सभा आहे. जिवंत आहेस ना अजून? मग तूच वाच. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

सबब कलम ६ मधील बेरिल हॅव्हर्ड हिचा हिस्सा तिच्याच मर्जीने रद्द झाला आहे आणि तो टोळीकडे जाईल. वाचनाचे कामही डेलविनकडून काढून घेत आहे. शनिवार, दिनांक १८ रोजी ते मी स्वतः करीन. प्राणवायूची नळकांडी बरोबर घेऊन येईन. टेम्परलीसाहेबांनी खुर्ची दाराजवळ घेऊ नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, शुद्धीवर असताना, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली, आणि त्यांनी माझ्यासमक्ष.

ठिकाण : ब्रिनवेल
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

सही : क्लिफर्ड इ. प्रॉसर

साक्षीदार पहिल्या : ऑड्री पर्कस
पत्ता : ५, स्टेशन टेरेस, ब्रिनवेल
व्यवसाय : निवृत्त, शाळेची स्वयंपाकीण

साक्षीदार दुसऱ्या : बेरिल हॅव्हर्ड
पत्ता : २, चॅपल लेन, ब्रिनवेल
व्यवसाय : सिग्नलवाली, ब्रिनवेल केबिन