कापणाऱ्या म्हाताऱ्याला परत पाठव

म्वांझा शहरातला दवाखाना

आई, तुझी न्क्विम्बा इथूनच गुडघे टेकून तुला नमस्कार करते.

बाळ शिजा बरा आहे. म्हणजे श्वास अजून भरभर चालतो, पण सकाळी थोडा अंगावर प्याला.

इथल्या नर्सबाईंनी त्याचं रक्त काढलं. मी ओरडले, "एवढंसं लेकरू, त्याचं रक्त कशाला पिता?" तर म्हणाल्या, "गप गं, डास याहून जास्त पितो!" मग सांगितलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, छातीतही घरघर आहे, म्हणजे फुप्फुसात जंतू शिरलेत. इंजेक्शनं चालू केलीत.

आई, हा खोकला पडजीभ लांबल्यामुळं नाही. तू पडजीभ कापणाऱ्या म्हाताऱ्याला शनिवारी बोलावलंयस ना? त्याला परत पाठव. त्याच्या मोबदल्याचा कोंबडा आधीच देऊन बसली असशील तर राहू दे, परत मागू नको. मी शनिवारी पोराला घेऊन येत नाही.

रागावू नको. माझीही पडजीभ तू कापून घेतलीस, तरी मी दर थंडीत खोकतेच ना?

कुल्वा-डोटो रात्री रडतात का? माझ्या जुळ्यांना जवळ घेऊन झोप. त्यांना सांग, धाकटा भाऊ घरी येणार आहे.

मलाही कुणीतरी तसंच सांगा गं.

तुझीच,
न्क्विम्बा