लूमच्या आवाजात जर्मन

९ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. एका व्हिडिओत सांगितलंय की यशस्वी माणसं रोज लिहितात. मी लिहायला बसलो, म्हणजे अर्धं काम झालंच.

परिस्थिती अशी. मी अदनान, नववी ब. शाळेत यंदा जर्मन सुरू झालं आणि वर्गात पहिला हात मी वर केला. मला भिवंडीबाहेर जायचंय. शेजारच्या वळ गावच्या गोडाऊनपर्यंत नव्हे, खरोखर बाहेर. दिवाळीआधी तोंडी परीक्षा आहे. जर्मनच्या हेमाली मॅडम म्हणाल्या की त्यात नापास होईल त्याचं जर्मन बंद. अब्बांनी त्यावर आपली अट ठोकली. म्हणाले, पास झालास तर शिक कितीपन, माझी ना नाय. नापास झालास तर शाळा सुटली का सरळ कारखान्यात बसायचा.

आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना खाली, घर वर. आजोबा, चुलते, अब्बा, सगळे त्या जिन्याने एकदा खाली गेले ते पुढे फक्त जेवायला आणि झोपायला वर आले. मी जाणार नाही.

भाषा अवघड नसते. स्ट्रॅटेजी लागते.

१० सप्टेंबर

टाइमटेबल केलं. शब्द हिरव्या पेनाने, व्याकरण लाल, ऐकणं निळं, बोलणं केशरी. केशरी पेन वाळलेलं निघालं. अर्धवट टाइमटेबलवर अभ्यास करणं मला पटत नाही. उद्या पेन आणून सुरू.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पेन आणलं. पण आज शुक्रवार, कारखाना बंद, सगळे घरात. अशा गर्दीत कोण अभ्यास करणार?

१३ सप्टेंबर

नवीन पद्धत: घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या जर्मन नावाची चिठ्ठी. फ्रिज, दार, आरसा, कुकर. अलिजा (बहीण, सातवीत, आगाऊ) विचारत होती की चिठ्ठ्या चिकटवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात पाठ झाले नसते का. अभ्यासाचं शास्त्र तिला कळत नाही.

रात्री कुकरवरची चिठ्ठी वाफेने सुटून डाळीत पडली. अब्बांच्या घासात आली. अम्मीने उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एका हाताने ओरबाडून काढल्या, दुसऱ्या हातात लाटणं होतं. घरात अभ्यासाचं वातावरण नाही, हाच मुख्य प्रॉब्लेम.

१५ सप्टेंबर

वातावरण आपणच तयार करावं लागतं. अब्बांच्या फोनची भाषा जर्मन केली. माझ्याकडे फोन नाही, आणि घरातला तोच चांगला आहे.

१७ सप्टेंबर

अब्बांना पत्ताच नाही. ते आयुष्यभर फोन चित्रं बघून चालवत आलेत. मला मात्र भाषा परत बदलता येत नाहीये. सेटिंग्जमध्ये सगळंच जर्मन आहे.

१८ सप्टेंबर

मॅडम म्हणाल्या, भाषा तोंडाने शिकायची, रोज मोठ्याने बोला, चुका होऊ द्या. चुकांचं ठीक आहे हो, पण त्या ऐकणाऱ्यांचं काय? घरात बोललो की अलिजा नक्कल करते. गच्चीवर गेलो तर शेजारचे समोरच्या घरातल्या रंगूबाईंना बोलावून मला दाखवतात. शाळेत माझ्या बाकावरचा तनवीर आधीच हसायला बसलेला असतो.

मग एकदम सुचलं. कारखाना! सगळे लूम चालू असताना तिथे शेजारी बॉम्ब पडला तरी कळणार नाही. तिथे मी कितीही बोललो तरी हसणारं कोण? हे सुचायला डोकं लागतं.

२० सप्टेंबर

कोपऱ्यातल्या लूमशेजारी उभा राहून भरपूर बोललो. माझं नाव, माझं घर, मला काय आवडतं. एकही चूक निघाली नाही.

२३ सप्टेंबर

रोज जातोय. आत्मविश्वास प्रचंड वाढलाय. आवाजही मोठा झालाय.

कोपऱ्यातला लूम रामनाथ चालवतो. तो यूपीचा. आवाजामुळे कारखान्यात सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. अंगठा तोंडाशी म्हणजे चहा. दोन बोटं कात्रीसारखी उघडली म्हणजे धागा तुटला. मी समोरच उभा असतो म्हणून तो मलाच सांगतो, मी पुढे कळवतो. चुकीचं कळवलं की सगळे हसतात, मीही हसतो. चार दिवसांत सगळं यायला लागलं. आता मी रामनाथशी त्याच्या गावाबद्दल, म्हशीबद्दलसुद्धा बोलतो. पण ह्याला काही भाषा म्हणत नाहीत. ह्याला अभ्यास लागत नाही.

२५ सप्टेंबर

अब्बा आज माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला, मलईवाला. माझी तयारी बघून घाबरलेत. अट लावून बसलेत ना!

२९ सप्टेंबर, सोमवार

भयंकर प्रकार. मी पूर्ण ताकदीने सांगत होतो की मला एक बहीण आहे आणि मला सफरचंद आवडतं. मधेच लाइट गेली. सगळे लूम एकदम गप्प. सफरचंदाचं वाक्य मी एकटा त्या शांततेत ओरडलो. जे ऐकू आलं ते जर्मन वाटलं नाही. रामनाथने विचारलं, छोटे सेठ, किसको गाली दे रहे हो?

सगळा दोष वीज कंपनीचा. लय तुटली की उच्चार बिघडतात.

४ ऑक्टोबर

परीक्षा गुरुवारी. मॅडमनी दिलेले वीस प्रश्न आज पहिल्यांदा नीट वाचले. त्यातले निम्मे कळले नाहीत. मी इतके दिवस फक्त उत्तरं बोलत होतो. कोणी काही विचारेल हे लक्षातच आलं नव्हतं.

अलिजा म्हणाली, मी प्रश्न वाचते, तू उत्तर दे. मी नाही म्हटलं. मोठ्या भावाला काही इज्जत असते की नाही?

६ ऑक्टोबर

झोपेत ऐकल्याने मेंदूत शब्द जातात म्हणे. अब्बांचा फोन उशाशी लावून झोपलो. पहाटे सुरतेच्या सूतवाल्याचा फोन आला, तो मी झोपेत घेतला आणि त्याला गुटन टाग (जर्मन नमस्कार) म्हटलं. त्याने अब्बांना दुपारी पुन्हा फोन करून विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

काहीच येत नाही. जे येतं तेही येत नाही.

अलिजाला प्रश्न विचारायला सांगावं असं वाटलं. दारापर्यंत गेलो. ती चित्र काढत बसली होती, तिला कशाला त्रास द्यायचा. त्यापेक्षा खाली जाऊन शेवटची प्रॅक्टिस केली. तिथे सगळं येतं. खरंच येतं. परीक्षा तिथे घ्यायला हवी होती.

या अल्ला, एवढ्यांदा पास कर. मला तो जिना नको.

९ ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षा लायब्ररीत होती. पंखासुद्धा बंद. इतकी शांतता मी अभ्यासात कधी धरलीच नव्हती.

आत शिरून गुटन टाग म्हटलं. मॅडमच्या हातातलं पेन पडलं आणि बाहेरचा शिपाई आत डोकावला. मॅडम हसून म्हणाल्या, हळू, अदनान, मी समोरच आहे. मग हळू बोललो. हळू बोलल्यावर मला माझं जर्मन ऐकू आलं. महिनाभरात पहिल्यांदा नीट. आपण हे असं बोलतो? मी मधेच थांबलो.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. मी सवयीने त्यांचे ओठ बघत होतो. ओठांवरून जर्मन कळत नाही. डोक्यातून सगळं गेलं आणि हात आपोआप वर झाला, दोन बोटं कात्रीसारखी. धागा तुटला. मॅडमना वाटलं मी दोन मिनिटं मागतोय. त्यांनी दिली. दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

तरीही सुरुवात ठसठशीत झाली. त्याचे मार्क असणारच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नापास. वर्गात एकटा. तनवीर पास झाला, आणि हसलासुद्धा नाही. उलट डब्यातला कबाब दिला. त्याने जास्तच वाईट वाटलं.

मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं, घरी कोणासमोर एकदातरी बोलला होतास का? मी म्हटलं, रोज माणसांनी भरलेल्या जागेत बोलायचो. त्यांना ते खरं वाटलं नाही.

तोच दिवस, रात्री

अब्बांना सांगायचं तर होतंच. मी विचार करून जागा निवडली. खाली, लूम चालू असताना, हळू आवाजात. म्हणजे सांगितल्यासारखं होईल आणि त्यांना ऐकू जाणार नाही. पुढे विचारलं तर म्हणता येईल, सांगितलं होतं की.

अब्बा बीमजवळ, सुताच्या मोठ्या रुळाजवळ, उभे होते. त्यांच्यासमोर जाऊन मी ओठातल्या ओठात म्हटलं, अब्बा, मी नापास झालो.

लूमवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांना पहिल्या शब्दाला कळलं. मी मान खाली घालून ओरडा खायला उभा राहिलो. त्यांनी माझा खांदा धरून बाहेर अंगणात नेलं आणि म्हणाले, जाऊ दे रे, त्या परीक्षेचा काय एवढा. अट मी उगाच घातलेली. मला भ्या वाटायचा, तू नकोच म्हणशील कारखान्याला. पन तू तर आपल्या पायांनी येतोस रोज. रामनाथ सांगत होता, पोरगा सगळा शिकला, कोणी न शिकवता. मी मशिदीत सगळ्यांना सांगितला.

त्यांचे डोळे भरले होते. अब्बांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला सांगायचं होतं की अब्बा, मी तिथून पळायची तयारी करायला येत होतो. जर्मनमध्ये नाही, आपल्या भाषेत सांगायचं होतं. सोपं वाक्य होतं. तोंड उघडलंसुद्धा.

त्यांनी विचारलं, उद्यापासून शाळा सुटली का तीनला कामाला येशील ना?

मी हो म्हटलं. एकदाच, अगदी हळू. त्यांना लगेच कळलं.