आवाज न नेणारी वायर

३ नोव्हें., सोम.
डिस्क शंभर वर्षं टिकते म्हणे. मग ती लावायचं यंत्र दहा वर्षंही का टिकत नाही? आत्याने आज खुणांनी हेच विचारलं. डिस्क दाखवली आणि दोन्ही हात उलटे केले. घरात एकटी पदवीधर मी, म्हणून मलाच.

काकांच्या धाकट्याचं, नितेशचं लग्न डिसेंबरात. काकांनी ओटीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हलदीला आपल्या ताराबायचाच धवला वाजंल. थोरल्याच्या लग्नातला. डिस्क हाय ना!"

हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणणारी गावात ताराआत्याच शेवटची. घशाचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, स्वरयंत्रच काढलं. लिहिता तिला येत नाही. म्हणजे जे आहे ते त्या डिस्कमध्ये. प्रशांतदादाच्या लग्नाची डिस्क, नऊ वर्षं कपाटात. एकदाही कोणी पाहिलेली नाही.

६ नोव्हें., गुरु.
बारावीतली वही सापडली. तेव्हा मी तक्ता केला होता. साधी डीव्हीडी, एचडी डीव्हीडी, ब्लू-रे. लाल लेसर, निळा लेसर, किती जीबी मावतात. शेवटी: 'एचडी डीव्हीडी हरली, ब्लू-रे जिंकली. म्हणून ब्लू-रेच.' खाली दोनदा रेघ. काकांनी ती वही व्हिडिओवाल्यासमोर धरली होती. "आमची पोर सांगते तीच द्या."

साधी डीव्हीडी घेतली असती तर आईने दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांकडे लावून पाहिली असती. ब्लू-रेचा प्लेअर तेव्हाही गावात कोणाकडे नव्हता. जिंकलेलीसुद्धा कपाटातच राहिली.

९ नोव्हें., रवि.
काल घोडबंदरच्या ऑफिसमधून जुना ब्लू-रे प्लेअर मिळाला. स्टोअरचे सर म्हणाले, "म्युझियम काढतेस काय गं?" भंगारात काढलेला एक मॉनिटरही दिला. रिक्षात मांडीवर धरून आणला.

आपला टीव्ही जुना डबा, प्लेअरला फक्त एचडीएमआय, मॉनिटरला फक्त डीव्हीआय. दोन टोकांना दोन वेगळ्या पिना असलेली वायर लावली. आज चित्र आलं!

आत्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर सूप. ओठ हलताहेत. आवाज नाही.

आत्याने मॉनिटरला कान लावला. मी समजावलं, "ही वायर फक्त चित्र नेते, आत्या. एचडीएमआय दोन्ही नेते. काकांच्या टीव्हीला ती लागते. पुढच्या रविवारी ऐकवते." ती हसली. पडद्यावरच्या स्वतःबरोबर ओठ हलवायला लागली, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून. आईने पदर तोंडात धरला.

१६ नोव्हें., रवि.
काकांच्या बंगल्यावर गेले. आत्याला सकाळपासून कणकण, म्हणून एकटीच. भिंतभर टीव्ही. एचडीएमआय लावली. आवाज आला.

सिनेमाचं गाणं.

ओठ आत्याचे, गळा कुठल्यातरी गायिकेचा. पुढे नेलं, मागे नेलं. हळदीला गाणं, मांडवाला सनई, पाठवणीला परत गाणं. चार तासांच्या डिस्कमध्ये आत्या एक शब्द बोलत नाही.

काका खूश. "काय क्लिअर वाजतंय गो!"
"काका, ह्यात आत्याचा आवाज नाहीये."
"तुजीच वायर चुकली असंल. नीट बग."

वायर बरोबर आहे. पहिल्यांदाच सगळं बरोबर जोडलं आहे.

१८ नोव्हें., मंगळ.
व्हिडिओवाल्याला फोन केला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून भांडले. न विचारता गाणी का घातलीत?

"मॅडम, आम्ही विचारल्याशिवाय काय नाय घालत. पार्टी फॉर्म भरते, तसं करतो. आताचा फॉर्म नितेशला पाठवलाय, बघा."
मूळ शूटिंग?
"ते तीन महिन्यांत उडवतो. नऊ वर्षं झाली, मॅडम."

१९ नोव्हें., बुध.
नितेशने फॉर्म फॉरवर्ड केला. 'ताई तूच भर, दादाचा पण तूच भरलेलास ना.'

तिसरा प्रश्न: मूळ आवाज. हवा / नको.

आठवलं. पेनाचा रंगसुद्धा आठवला.

ठाण्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणी व्हिडिओ बघायला येणार होत्या. आत्याचं 'हलद', 'बाय गो', तो फाटका चढा आवाज त्यांनी ऐकला असता. डिस्क कुठली घ्यावी हे ठरवायला मला आठवडा लागला होता. 'नको'वर खूण करायला दोन सेकंद.

मैत्रिणी आल्याच नाहीत.

२२ नोव्हें., शनि.
रविवारी बंगल्यावरून आल्यावर आत्याला एवढंच म्हटलं होतं, वायर खराब निघाली. ती रोज संध्याकाळी दोन बोटं जुळवून दाखवते: वायर आणलीस? आज तिसऱ्यांदा म्हटलं, "दुकानात नव्हती." आवाज वायरमध्ये अडकला आहे असं तिला मीच पटवलं.

२३ नोव्हें., रवि.
आत्याला सांगितलं. फॉर्म, खूण, मैत्रिणी, सगळं. माझा हात तिच्या हातात होता. तिने तो सोडला आणि भिंतीकडे वळली.

मग काकांकडे जाऊन तेच सांगितलं. हळदीला डिस्क लागणार नाही. काकांनी टीव्ही बंद केला. मग, "याच्यासाठी शिकवली तुला?"

घरी आई चिडलेली. "सांगून काय मिलवलंस? वायर खराब हाय म्हणत सुखानं राहिली असती ती." आईचं चुकतंय असं अजून म्हणवत नाही.

२९ नोव्हें., शनि.
सहा दिवस आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातचा चहा घेतला नाही.

आज ऑफिसमधून आले तर मॉनिटर तिच्या खाटेसमोर. तिने तीच पहिली वायर माझ्या मांडीवर टाकली. चित्र लावलं, बिनआवाजाचं. पडद्यावर ओठ हलले की ती तेच ओठ सावकाश हलवून दाखवते. मी बघून मोठ्याने म्हणायचं. चुकलं की गुडघ्यावर चापट. बरोबर असेल तर बोटं ताल धरतात. दोन तासांत सहा ओळी झाल्या. माझं म्हणणं शाळेतल्या कवितेसारखं सपाट. तिला ते कळतं. तोंड वाकडं केलं तिने.

सगळा वेळ पडद्याकडे पाहत होती. माझ्याकडे नाही.

३० नोव्हें., रवि.
उठल्याबरोबर फॉर्म भरून व्हिडिओवाल्याला पाठवला, आणि नितेशला कॉपी. मूळ आवाज: हवा. खाली 'विशेष सूचना'च्या रिकाम्या ओळीत लिहिलं, धवला म्हणणारी, आणि पुढे माझं नाव.

नितेशचा मेसेज आला. 'ताई सिरियसली?? तुला येतो?'

सहा ओळी येतात. आत्याला अजून विचारलेलं नाही. फॉर्म गेला आहे.